गडदेबाईंचा पेचकस

गडदेबाई खुर्चीत बसल्या आहेत असं दृश्य डोळ्यांसमोर आणायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला, पण ते येत नाही. आमच्या शाळेत त्या जेमतेम नऊ महिने होत्या. त्या नऊ महिन्यांत मी त्यांना टेबलावर चढलेलं पाहिलं, टेबलाखाली शिरलेलं पाहिलं, व्हरांड्यात येरझाऱ्या घालताना तर रोजच पाहिलं. बसलेलं मात्र नाही. हजेरीसुद्धा उभ्यानं घ्यायच्या. आणि अंबाड्यात पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. इतर बाया जिथं गजरा माळतात तिथं यांच्या हिरव्या मुठीचा वीतभर पेचकस खोचलेला. बोलता बोलता हात मागं जायचा, पेचकस निघायचा, आणि समोर एखादं बंद पडलेलं बटण किंवा पंखा असेल तर बोलणं संपायच्या आत तो उघडा पडलेला असायचा.

मी तेव्हा त्या शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक होतो. प्रभारी म्हणजे अधिकार कशाचाच नाही आणि सही मात्र सगळ्यांवर. मूळचा मी झरीचा. ही वाडी पालमहून एसटीनं तासाभरावर, आणि एसटी फाट्यावर सोडून द्यायची, पुढं दोन किलोमीटर पायी. एवढ्या आडबाजूला माणूस दोन गोष्टींच्या आधारानं नोकरी करतो. एक माझ्या पँटच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा, आणि दुसरं माझं एक वाक्य: "वरून आदेश आहे." सुट्टी का नाही? वरून आदेश आहे. खिचडी उशिरा का? वरून आदेश आहे. गावकऱ्यांशी वाद नको, बाकीच्या गुरुजींशी वाद नको. वर कोण बसलंय ते कुणी विचारत नसे, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा वर कुणी नसायचंच.

बाई जूनमध्ये चुडाव्याहून बदलून आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीकडं बोट केलं.

"सर, ती खोली कामून बंद हाय?"

"तिच्यात कॉम्प्युटर आहेत."

"म्हणूनच इचारायले."

आता काय सांगणार? कोणत्याशा योजनेतून आठ कॉम्प्युटर आले होते. आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते, आणि एकदा तिथं चढली की ती हरवली, फुटली, जळली तरी मुख्याध्यापकाच्या मानेवर. पहिल्याच दिवशी एक चालू केला तेव्हा खोलीतला बल्ब फटकन उडाला. मी त्याच क्षणी आठही कॉम्प्युटरना प्लास्टिकची आच्छादनं घातली आणि कुलूप लावलं. त्यानंतर खोली वर्षातून एकदाच उघडायची, खंडेनवमीला. गावातले लोक औत, कोयता, मोटारसायकल पुजतात, तसे आम्ही कॉम्प्युटर पुजत होतो. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आच्छादन बाजूला करून आठांनाही ओळीनं. मला वाटायचं, निदान मान तरी ठेवतोय.

बाईंनी पहिल्या कॉम्प्युटरची बाजूची पत्रा-झाकणी काढली आणि हसायलाच लागल्या. वरच्या जाळीतून पडलेले कित्येक वर्षांचे तांदूळ आत साचले होते. पंख्याच्या पात्यांवर कुंकवाचा थर. तांदळापायी उंदीर आले होते आणि त्यांनी वाळलेल्या झेंडूचं आणि वायरींच्या सालीचं छान घर बांधलं होतं.

"सर," हसू आवरत बाई म्हणाल्या, "तुमी ह्यांला देव केलं, म्हणून हे दगड होऊन बसले बगा."

मला राग आला. पण उंदराच्या पिल्लांसमोर कोणत्या तोंडानं रागवणार?

बाईंच्या वडिलांची मेंढरं होती. लहानपणी त्या कळपामागं हिंडलेल्या, आणि ते हिंडणं त्यांच्या पायांतून कधी गेलं नाही. कॉम्प्युटर चालू केला की त्याच्या पत्र्याला कान लावून त्या पंखा ऐकायच्या; वडील आजारी मेंढीच्या बरगड्यांना असाच कान लावायचे म्हणे. आठांपैकी दोन कामातून गेलेले होते. त्यांचे अवयव काढून त्यांनी बाकीचे सहा उभे केले, आणि कुणाचं काय कुणात गेलं हे कळावं म्हणून प्रत्येकावर गेरूची खूण केली, मेंढरांवर करतात तशी. मी रजिस्टर छातीशी धरून मागं उभा. "बाई, रजिस्टरला आठ आहेत." त्या म्हणाल्या, "आठच हायत की. दोघं सहांच्या पोटात हायत."

सहा उभे राहिले, पण चालेनात. शहरातला दुकानदार म्हणाला होता, हे म्हातारे झाले, नवी प्रणाली पेलणार नाही, भंगारात द्या. बाईंनी त्यांच्यावर लिनक्स नावाची एक हलकी, मुक्त प्रणाली घातली, आणि ते म्हातारे कुरकुरत का होईना पण चालायला लागले. पोरांना त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं ते माझ्या कानात अजून आहे: "हे उघडून बगा, मोडा, परत घाला, दुसऱ्याला द्या. ह्याच्यात चोरी न्हाई. फकस्त आपल्यापाशी दाबून ठिवू नका."

"म्हणजे फुकट आहे ना?" मी मागून विचारलं. फुकटाची वस्तू मला नेहमी संशयास्पद वाटते.

बाई वळल्या. "सर, गायरानावर मेंढरं चारली तर फुकट चारली म्हणतेत का? गायरान गावाचं असतंय. ज्यानं चारलं त्यानं ते राखायचं बी असतंय. तसं हाय हे."

मग पोरांनी काय केलं, तर गावाचा नकाशा काढायला घेतला. ही कल्पनासुद्धा बाईंचीच. सहावी-सातवीच्या प्रत्येक पोरानं आपलं घर आपण काढायचं, मग शेजार, मग हापसा, देऊळ, मेंढवाडे, गायरान. पोरं घरी जाऊन पावलांनी अंगण मोजून यायची. कुणाची शेळी कुठं बांधतात यावरून भांडणं व्हायची आणि ती पडद्यावर मिटवली जायची. सातवीतली राणी सगळ्यांत चिवट. बापाच्या घराला मागच्या बाजूनं गेलेली भेगसुद्धा तिनं काढली. मी म्हटलं, "अगं, भेग कशाला?" तर म्हणते, "हाय तर काढायलेय, सर." मीही खुर्ची घेऊन त्या खोलीत बसायला लागलो. किल्ली माझ्याकडंच होती, पण कुलूप लावायचं दिवसेंदिवस राहून जायचं.

दिवाळी जवळ आली तशा बाई जास्तच सैरभैर झाल्या. आमच्या वाडीतली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पोरंही जातात, वर्ग अर्धा होतो, आणि सहा महिन्यांनी परत येतात तेव्हा आधीचं निम्मं विसरलेली असतात. मला ते सवयीचं झालं होतं. बाईंना होत नव्हतं. "जायलेत पोरं, सर, जायलेत," एवढंच म्हणत त्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या.

मग एक दिवस त्यांनी शिक्षकांपाशी भीक मागायला सुरुवात केली. प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना पेनड्राइव्ह मिळतात. आम्ही ते घरी नेऊन ड्रॉवरमध्ये टाकतो आणि विसरतो. बाईंनी आसपासच्या शाळांतून ते गोळा केले. प्रत्येकावर ती पूर्ण प्रणाली घातली, पोराचं सगळं काम घातलं, आणि गावाचा नकाशा घातला. पेनड्राइव्ह कोणत्याही जुन्या कॉम्प्युटरला लावला की त्या पोराची शाळा त्या पडद्यावर उघडणार. जाणारी पोरं चौदा, पेनड्राइव्ह तेरा. चौदावा म्हणून स्वतःचा दिला. काळ्या दोऱ्यात ओवून एकेकाच्या गळ्यात बांधला.

"बाई, उसाच्या फडावर कॉम्प्युटर कुठून येणार?" मी म्हटलं. माझं म्हणणं काही चूक नव्हतं.

"कारखान्याच्या बाजूला शाळा हायत. तिथल्या खोल्या बी आपल्यासारख्याच बंद असतील. ह्यांनी जाऊन मागायचं."

"आणि नाही दिलं तर?"

"न्हाई तर न्हाई. पण गळ्यात कायतरी हाय म्हणल्यावर मागायचं ध्यानात तरी ऱ्हाईल."

पोरं गेली. उरलेल्यांनी नकाशा चालू ठेवला. बंद पडलेल्या घरांनाही त्यात रंग भरले.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगायला जीभ जड होते, पण ते सोडून बाईंविषयी लिहिणं म्हणजे लबाडी होईल.

संक्रांतीनंतर तपासणीचा फोन आला. गटशिक्षणाधिकारी साहेब एवढंच म्हणाले, "कॉम्प्युटर चालू स्थितीत दिसले पाहिजेत." बाई दोन दिवस प्रशिक्षणाला गेल्या होत्या. मी खोलीत जाऊन पाहिलं: गेरूचे पट्टे, अनोळखी पडदा, त्यावर शेळ्या.  साहेबांनी विचारलं, हे काय, कुणाच्या परवानगीनं, तर काय उत्तर द्यायचं? मी शहरातून एक मेकॅनिक बोलावला. त्यानं खिशातून एक चोरटी सीडी काढली, सगळीकडं असते तशी प्रणाली घालतो म्हणाला. त्या भल्या माणसानं विचारलंही, "गुरुजी, जुनं काही ठेवायचं का?"

मी म्हणालो, "काही नाही. कोरं कर."

पथक आलं, पोहे खाल्ले, खोलीच्या दारातून डोकावलं, आणि 'सुस्थितीत' असं लिहून गेलं. कुणी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पहिला कॉम्प्युटर चालू केला. मग दुसरा. मग सहाही. पोरं दाराशी गोळा झाली होती. बाईंचा हात अंबाड्याकडं गेला आणि तिथंच थांबला.

"सर, नकाशा कुठंय?"

आणि माझ्या तोंडून, इतकी वर्षं निघत आलं तसं, आपोआप निघालं: "वरून आदेश होता."

बाईंनी पिशवी घेतली आणि भर उन्हात फाट्याकडं चालायला लागल्या. तिकडं साहेबांच्या कार्यालयात काय झालं हे मला एका ओळखीच्या लिपिकानं फोनवर सांगितलं, तेही अर्धंच. बाई चार माणसांत साहेबांना नको ते बोलल्या, आदेश दाखवा म्हणून अडून बसल्या, आणि साहेबांनी त्यांच्याकडं लेखी खुलासा मागितला आहे. त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. फोन वाजला की वाटायचं, आता साहेबच. साहेब विचारणार, काय हो, कसला आदेश? मी उत्तरं पाठ करून ठेवली. पण फोन आलाच नाही. पंधरा दिवसांनी बाईंच्या बदलीचा कागद आला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिंतूरच्या बाजूला. खुलासा दिलाच नाही म्हणून. तो कागद मात्र खरोखर वरून आला होता.

माझ्यामुळं एका बाईची बदली झाली आणि मी त्यांच्या निरोपाला नारळ आणि शाल आणली. मला माझीच शरम वाटत होती; पण ती वाटूनही मी गप्प बसलो, हेही लिहायला हवं. बाईंनी शाल घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, "सर, एकच करा. पोरं गुढीपाडव्याला परत येतील तवा खोली उघडी असू द्या."

मी ती उघडी ठेवली. त्या चोरट्या सीडीची प्रणाली महिनाभरात आजारी पडली. पडद्यावर लाल अक्षरांत काहीबाही मागायला लागली, मग एकेक करून सहाही ठप्प झाले. तरी मी कुलूप लावलं नाही. मी रोज सकाळी त्या खोलीचं दार उघडायचो आणि आत जायचं टाळायचो.

पाडव्यानंतर ट्रॅक्टर परत आले. चौदांतले नऊ पेनड्राइव्ह गेलेले. एक बैलगाडीखाली आला, एक पाटाच्या पाण्यात गेला, एक कुणीतरी काढून घेतला, बाकीचे कुठं गेले कुणास ठाऊक. पाच गळ्यांत होते. राणी उन्हानं काळी पडलेली, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. तिनं सरळ खोलीत जाऊन दोरा गळ्यातून काढला, पेनड्राइव्ह लावला, कसलीशी दोन बटणं दाबली. कॉम्प्युटर थोडा वेळ कुरकुरला. आणि आमचं गाव पडद्यावर आलं.

घरं होती, हापसा होता, भेग होती. पण नकाशा मोठा झाला होता. राणीनं चित्राचा कागदच वाढवून घेतला होता. वाडीतून निघालेला रस्ता फाट्यावरून पुढं पुढं जात होता आणि त्याच्या टोकाला, लांब कोपऱ्यात, पाचटाची एक छोटी कोपी, ऊसतोडवाल्यांची झोपडी, काढलेली होती. कोपीपुढं चूल. बाजूला एक शाळा.

"तिथल्या गुरुजींनी दिला का गं कॉम्प्युटर?"

"चार बार न्हाई म्हणले. पाचव्या बारी किल्ली दिली."

"आणि ही कोपी आपल्या गावाच्या नकाशात कशाला?"

राणीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मलाच वर्गात बसवायला हवं. "सहा महिने आमी तिथंच ऱ्हातोव की, सर. मंग गाव तिथपस्तोर हाय."

संध्याकाळपर्यंत पोरांनी सहाही कॉम्प्युटर पुन्हा जिवंत केले. त्यांना बाईंनी शिकवलेलंच होतं.

मग मात्र मला घरात बसवेना. राणीच्या पेनड्राइव्हची एक प्रत करून घेतली आणि रविवारची वाट न पाहता, रजा टाकून निघालो. तीन एसट्या बदलून बाईंच्या शाळेवर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बाई टेबलाखाली होत्या. पाय तेवढे दिसत होते.

"या सर," आतून आवाज आला. "चपलेवरून वळखलं."

त्या बाहेर आल्या. तीन एसट्यांत पाठ केलेलं सगळं मी विसरलो. "बाई, मला सांगायचंय, तो आदेश..."

"नव्हता," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"साहेब त्याच दिवशी म्हणले, असा आदेश काढलाच न्हाई, तुमाला कुणी सांगितलं ते लेखी द्या."

"मग दिलं का नाही?"

"राग आला न्हाई असं समजू नका. लय आला. येताना एसटीत सगळ्या वाटंनं शिव्या देत आले तुमाला." त्यांनी पदरानं हात पुसले. "पण तुमचं नाव लिवलं असतं तर तुमी भ्याले असते. आन तुमी भ्याले की कुलूप लावता. पाडव्याला पोरं गळ्यातलं काढून कुठं लावणार व्हते?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. नोकरीत मला पुष्कळांनी सांभाळून घेतलं, पण ज्याचं मी नुकसान केलं त्यानं सांभाळल्याचं हे एकच उदाहरण. मी पेनड्राइव्ह पुढं केला.

बाईंनी तो लावला. नकाशा आला. त्यांची नजर एकेका घरावरून फिरत रस्त्याला लागली, रस्त्यानं कोपऱ्यात गेली आणि तिथं थांबली.

"ही कोपी कुणाची?"

"राणीची. म्हणते, गाव तिथपस्तोर आहे."

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. मला वाटलं, आता बसतात. पण नाही बसल्या. नाक ओढलं आणि हात अंबाड्याकडं नेला. पेचकस निघाला, केस मानेवर सुटले.

"हे घ्या. दर म्हयन्याला सहाच्या सहा उघडायचे, पंखे पुसायचे, परत लावायचे."

"मी?" मी दचकलो. उभ्या जन्मात मी एक स्क्रू फिरवला नव्हता. "बाई, मला नाही जमणार ते. एखादा स्क्रू हरवला, रजिस्टरला..."

"जमवायचं, सर," बाई म्हणाल्या आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. "वरून आदेश हाय."

परतीच्या एसटीत जागा रिकामी होती. पण पेचकस पँटच्या खिशात होता आणि बसलं की मांडीला टोचत होता. पालमपर्यंत मी उभाच आलो.